कॉलेजची टीम कुणाची?

पहाटे साडेपाचला वैजापुरात मैदानावर गर्दी असते. शिऊर, महालगाव, बोरसर, खंडाळा अशा गावांकडची मुलंमुली अंधारातच मोटारसायकलींवर येतात. काहींनी भरतीपुरती शहरातच खोली घेतलेली असते. शिट्टी वाजते, मोबाइलमधलं स्टॉपवॉच सुरू होतं आणि मुलांचा जथा सोळाशे मीटरला सुटतो, मुली आठशेला. एका कडेला गोळाफेक चाललेली, दुसरीकडे शंभर मीटरच्या पट्ट्या फक्कीनं आखलेल्या. पोलीस भरतीची ही तयारी मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी अशीच दिसते. खेड्यातली पोरं मोबाइलमध्ये बुडाली, मैदानं ओस पडली, असं जे सरसकट बोललं जातं, ते इथं उभं राहून कुणाला बोलवणार नाही.

मात्र एवढ्या गर्दीत टीम नावाची गोष्ट नसते. जो तो आपल्या सेकंदांसाठी धावतो. शेजारून धावणारा जिवलग मित्र असला तरी गुणवत्ता यादीत तो एक आकडा वर किंवा खाली असणार, हे दोघांनाही ठाऊक असतं. मैदानाच्या कडेला कुणी प्रेक्षक नसतो, कारण इथं ओरडायचं ते कुणाच्या नावानं?

आणि याच गावात, पन्नाशी-साठीच्या माणसांशी खेळावर बोलायला बसलं की थोड्या वेळानं एक तक्रार येतेच: कॉलेजला आता टीम राहिली नाही. कबड्डीच्या माणसाची तीच तक्रार, खो-खोच्या माणसाची तीच, व्हॉलीबॉलवाल्याची तर हमखास. गंगापूर, कन्नड, पैठण, कुठंही जा, सूर बदलत नाही. कुण्या एका कॉलेजकडे बोट दाखवावं अशी ही गोष्टच नाही. कागदावर टीम सगळीकडे असते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची प्रवेशिका भरायची म्हणून आदल्या दिवशी पोरं गोळा होतात, कपाटातून बनियन निघतात, जीप ठरते, पहिल्या फेरीत हार होते, भत्त्याच्या कागदावर सह्या होतात आणि संध्याकाळी सगळे घरी. गावाला सामना होता हेही कळत नाही. निकाल कळण्याचा तर प्रश्नच नाही.

ही तक्रार म्हाताऱ्यांची कुरकुर म्हणून सोडून देण्यासारखी नाही, असं मला मनापासून वाटतं. तालुक्याच्या गावातल्या माणसाला आपली म्हणावी अशी टीम असते तरी कुठली? गावागावांत क्रीडा मंडळं आहेत, पण मंडळ म्हटलं की गल्ली आली, भाऊबंदकी आली, पुढाऱ्याचा फलक आला. कॉलेज हे तालुक्यातलं असं ठिकाण होतं, जिथं गोदाकाठच्या बागायतदाराचा मुलगा, डोंगरथडीच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, बौद्धवाड्यातला, मोमीनपुऱ्यातला आणि बाजारपेठेतल्या दुकानदाराचा, असे सगळे एका रंगाचं बनियन घालून उभे राहत. चढाई करणाऱ्याची जात विचारायची सोय नव्हती, कारण गुण सगळ्यांचा होता. म्हणून तर ज्यांनी कॉलेजची पायरी कधी चढली नाही, ते हमाल, टपरीवाले, एसटीचे वाहकसुद्धा ‘आपलं कॉलेज’ म्हणत. टीम गेली म्हणजे हे म्हणण्याची सोय गेली.

मराठवाड्यात ही भावना जास्त तीव्र असण्याला कारण आहे. कॉलेज आपल्याकडे उशिरा आलं. निजामी राजवटीत उच्च शिक्षणासाठी हैदराबादचं उस्मानिया गाठावं लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं, देवगिरी महाविद्यालय १९६० चं, मौलाना आझाद महाविद्यालय १९६३ चं. तालुक्यांना कॉलेजं मिळाली ती त्याही नंतर. दोन पिढ्यांपूर्वी आलेली ही संस्था, आणि तिच्यासोबत आलेलं मैदान, लोकांना फार मोलाचं वाटत होतं. जे एवढ्या उशिरा मिळालं ते इतक्या लवकर का निसटलं, हा त्यांचा सवाल आहे.

कॉलेजच्या खेळावर माणसं किती जीव टाकू शकतात, हे पाहायचं तर महाराष्ट्रात दोन नावांपासून सुरुवात करावी लागते. पहिलं नाव प्रा. दि. ब. देवधरांचं. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृत शिकवत. १९२६ साली आर्थर गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध मुंबईत हिंदू संघाकडून त्यांनी १४८ धावा काढल्या, तेव्हा ते चौतिशीत होते. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा त्यांची पन्नाशी जवळ आली होती. वर्गात संस्कृतचा पाठ घेणारा मास्तर आणि मैदानावरचा कर्णधार हा एकच माणूस होता, हे आज सांगितलं तर मुलांना कथा वाटेल. खेळ आणि शिक्षण वेगळ्या खात्यांत वाटले गेले नव्हते, तेव्हा असा माणूस घडू शकत होता.

दुसरं नाव रोहिंटन बारिया करंडकाचं. रणजी सुरू झाली १९३४-३५ मध्ये. त्याच्या पुढच्याच वर्षी विद्यापीठांची ही क्रिकेट स्पर्धा सुरू झाली. ए. डी. बारिया या पारशी गृहस्थांनी आपल्या दिवंगत मुलाच्या नावानं करंडक दिला. सुरुवातीच्या वर्षांत लाहोरच्या पंजाब विद्यापीठाचा दबदबा होता. लाहोरला गव्हर्नमेंट कॉलेज आणि इस्लामिया कॉलेज यांच्यातला सामना म्हणजे शहराचा सण असे. पाकिस्तानच्या पहिल्या कसोटी संघातले कारदार, फझल महमूद, नझर मोहम्मद हे या कॉलेजांच्या क्रिकेटमधूनच वर आले. मग मुंबई विद्यापीठानं सूत्रं हाती घेतली आणि अनेक वर्षं सोडली नाहीत.

या करंडकानं काय दिलं ते १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावरून मोजता येतं. भारतानं तिथं पहिल्यांदा मालिका जिंकली. कर्णधार अजित वाडेकर, मालिकेत ७७४ धावा काढणारा सुनील गावसकर, ६४२ धावा काढणारा दिलीप सरदेसाई. तिघेही मुंबई विद्यापीठाचे. वाडेकरनं आंतरविद्यापीठ स्पर्धेत दिल्ली विद्यापीठाविरुद्ध ३२४ धावा केल्या होत्या. तो विक्रम गावसकरनं ३२७ करून मोडला. सरदेसाईची गोष्ट तर मला सर्वांत जवळची वाटते. मडगावचा मुलगा. गोवा अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात. १९५७ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आलं, मुलगा विल्सन कॉलेजात गेला आणि १९५९-६० च्या बारिया स्पर्धेत ८७ च्या सरासरीनं ४३५ धावा करून बसला. पुढच्या वर्षी पाकिस्तानचा संघ भारतात आला, तेव्हा पुण्याला त्याच्याविरुद्ध खेळणाऱ्या भारतीय विद्यापीठ संघात सरदेसाई होता. त्यानं ८७ धावा केल्या. तोच त्याचा प्रथम श्रेणीतला पहिला सामना. एका परक्या मुलखातून आलेला, मुंबईत ओळखीपाळखी नसलेला मुलगा, आणि त्याला वर नेणारी शिडी कॉलेजची. घराजवळच्या मैदानात वाढलेल्याला दुसरे दरवाजे असतात. बाहेरून आलेल्याला, खेड्यातून आलेल्याला कॉलेज हाच दरवाजा असतो. वैजापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

विद्यापीठांचा संघ तेव्हा परदेशी पाहुण्यांशी खेळत असे, ही गोष्ट आजच्या वाचकानं जरा थांबून ध्यानात घ्यावी. विद्यार्थी म्हणून निवडलेले अकरा जण कसोटी संघासमोर उभे राहत, आणि ते पाहायला लोक पैसे मोजून येत.

माटुंग्याला रुइया आणि पोदार ही कॉलेजं शेजारी-शेजारी. दोन्ही शिक्षण प्रसारक मंडळीचीच, म्हणजे देवधरांच्या एस. पी. कॉलेजच्याच संस्थेची. भावाभावांत लागावी तशी त्यांची चुरस. संदीप पाटील रुइयाचा. दिलीप वेंगसरकर आणि रवी शास्त्री पोदारचे. १९८३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात हे तिघेही होते. दडकर मैदानावर रुइया-पोदार सामना असला की वर्ग ओस पडत, माजी विद्यार्थी कचेरीतून सुटून येत आणि हरलेल्या कॉलेजच्या मुलांना काही दिवस दुसऱ्या कॉलेजच्या कँटीनसमोरून जाणं नको होई. या हरण्याजिंकण्याचा कुणाच्या पगाराशी, कराराशी, जाहिरातीशी संबंध नव्हता. तरीही जीव जळत होता. तरीही म्हणण्यापेक्षा त्यामुळेच.

मग हे सगळं ओसरलं. कुणी आदेश काढून बंद केलं नाही; बारिया करंडक आजही होतो. फक्त शिड्या दुसरीकडे लागल्या. सोळा, एकोणीस, बावीस-तेवीस वर्षांखालच्या वयोगटांचं क्रिकेट क्रिकेट संघटनांच्या हाती गेलं आणि त्याचं महत्त्व वाढत गेलं. नोव्हेंबर १९८९ मध्ये सचिन तेंडुलकर सोळाव्या वर्षी कराचीत कसोटी खेळला आणि देशातल्या प्रत्येक प्रशिक्षकानं, प्रत्येक बापानं एक हिशेब मनात पक्का केला: कॉलेजच्या वयापर्यंत थांबलो तर उशीर होईल. २००८ मध्ये आयपीएल आली आणि त्या हिशेबाला पैशाचा आकडा मिळाला. अठराव्या वर्षी कॉलेजात पाऊल टाकणारा खेळाडू आता दोन प्रकारचा असतो. एक, जो खरोखर पुढे गेलाय आणि ज्याला कॉलेजसाठी वेळ नाही. दुसरा, जो मागे राहिलाय असं सगळ्यांनी, त्यानं स्वतःसुद्धा, ठरवून टाकलंय. अशा टीमवर प्रेक्षकानं जीव कसा लावायचा?

मराठवाड्यातली नावंच घ्या. डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर आणि औरंगाबादचा इक्बाल सिद्दिकी एकाच दिवशी भारताकडून पहिली कसोटी खेळले. मराठवाड्यासाठी तो सोन्याचा दिवस होता आणि त्याचं पुरेसं कौतुक आपण कधी केलंच नाही, याची खंत मला आजही आहे. विजयासाठी हव्या असलेल्या पाचेक धावा काढायला सिद्दिकीलाच सलामीला पाठवलं होतं. बांगर तोवर रेल्वेच्या संघातून नाव कमावून बसला होता. जालन्याचा विजय झोल कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा करून प्रकाशात आला आणि २०१४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार झाला. बीडचा सचिन धस २०२४ च्या त्याच स्पर्धेत उपांत्य सामन्यात ९६ धावा करून गेला. मुलं येताहेत, थांबलेली नाहीत. पण यातलं एकही नाव आपल्याला कुठल्या कॉलेजच्या बनियनवर वाचून माहीत झालेलं नाही.

कबड्डीत तर हे आणखी टोचतं, कारण कबड्डी इथल्या मातीतली. आमच्या तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी, आणि नदीपलीकडे श्रीरामपूर तालुक्यातलं टाकळीभान. तिथला अस्लम इनामदार. १ मार्च २०२४ ला हैदराबादला त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डी जिंकली, तेव्हा नदीच्या अलीकडेही फटाके वाजले. वाजायलाच हवे होते. तरी फ्रँचायझीचं प्रेम लिलावाच्या कागदावर उभं असतं. आज पुण्याचा असलेला पोरगा उद्या जयपूरचा होऊ शकतो, आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नाही. कॉलेजच्या टीमला लिलाव नव्हता. पोरगा तीन वर्षं तुमचाच असे, मग पदवी घेऊन जाई आणि त्याच्या जागी त्याच्याच गावचा दुसरा येई.

आता प्रेक्षकाच्या रागाकडे वळू. खेळ ढासळला याचा राग आहेच; त्याहून मोठा राग, हे कुणाला विचारायचं तेच कळत नाही याचा आहे.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याचं उदाहरण इथं उपयोगी पडतं. लिंकन शहरातल्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ हेच त्या राज्याचं दैवत. राज्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. आपल्या औरंगाबाद जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत सदतीस लाख होती. पण त्यांच्या मेमोरियल स्टेडियममध्ये पंच्याऐंशी हजार माणसं बसतात, म्हणजे अख्खं वैजापूर शहर दोनदा आत जाईल, आणि नोव्हेंबर १९६२ पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं विकली गेली आहेत. संघानं १९७०, १९७१, १९९४, १९९५ आणि १९९७ अशी पाच राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली. त्यानंतर उतरण. २००३ मध्ये नऊ सामने जिंकून तीन हरलेल्या प्रशिक्षकाला, फ्रँक सॉलिचला, काढून टाकलं, कारण नऊ विजय लोकांना पुरेसे वाटत नव्हते. मग प्रशिक्षकामागून प्रशिक्षक. शेवटी १९९७ च्या विजयी संघातल्याच स्कॉट फ्रॉस्टला २०१८ मध्ये घरी बोलावलं. तो १६ सामने जिंकला आणि ३१ हरला. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यालाही काढलं, आणि तेही असं की तीन आठवडे थांबले असते तर भरपाईची रक्कम दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती. लोकांना तेवढंही थांबवेना. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं त्या संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते.

हे सांगण्याचं कारण अमेरिकेचं कौतुक नव्हे. नेब्रास्काच्या अधीरपणानं त्यांच्याच संघाचं वाटोळं केलं, असं माझं मत आहे. सॉलिचला ठेवलं असतं तर कदाचित वीस वर्षं वाचली असती. पण तिथल्या प्रेक्षकाच्या रागाला एक पत्ता आहे. प्रशिक्षक कोण, त्याला नेमलं कुणी, पैसे किती, हे सगळं त्याला माहीत असतं. आमच्याकडे वैजापूरच्या माणसानं राग कुणावर काढायचा? प्राचार्य म्हणणार विद्यापीठाचं वेळापत्रक. विद्यापीठ म्हणणार शासनाचं धोरण. शासन म्हणणार संस्थेची जबाबदारी. राग तिघांच्या दारातून फिरून घरी येतो आणि मग ‘पोरांतच दम राहिला नाही’ या वाक्यात विरून जातो. ज्यांचा काहीच दोष नाही, त्या पोरांच्या माथी तो बसतो.

दोष कुठे आहे ते पाहणं अवघड नाही. कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक नावाचं एक पद असतं. मुलं त्यांना नुसतं ‘डायरेक्टर सर’ म्हणतात. एक चांगला डायरेक्टर सर म्हणजे टीम, हे मराठवाड्यात कुणीही सांगेल. गावोगावच्या शाळांच्या स्पर्धा हिंडून पोरं हेरणारा, बापाला भेटून ‘अकरावीला आमच्याकडे घाला, फीचं मी बघतो’ म्हणणारा, सामन्याच्या आदल्या रात्री पोरांना स्वतःच्या घरी जेवू घालणारा. अशी पदं निवृत्तीनंतर वर्षानुवर्षं रिकामी राहिली. प्राध्यापक भरती बराच काळ थांबलेली होती. २०१८ मध्ये शासनानं ती काही प्रमाणात खुली केली तेव्हा राज्यभरातल्या ४,७३८ पदांत शारीरिक शिक्षण संचालकांची पदं होती १३९. सगळ्या महाराष्ट्रासाठी एकशे एकोणचाळीस. जिथं पद रिकामं, तिथं खेळाचा कारभार मराठीच्या किंवा भूगोलाच्या प्राध्यापकाकडे जोडकाम म्हणून येतो. तो बिचारा प्रवेशिका वेळेत पाठवतो, एवढीच त्याची कर्तबगारी मानायला हवी.

त्यात सत्र पद्धती आली. वर्षातून दोनदा परीक्षा म्हणजे अंतर्गत चाचण्या, सबमिशन, हजेरी. पावसाळा संपून मैदान वाळतं आणि आंतरमहाविद्यालयीन हंगाम सुरू होतो, तोच काळ पहिल्या सत्राच्या परीक्षांचा. पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी निवड झाली तर पोराला शिबिराचे दिवस आणि प्रवास धरून बराच काळ बाहेर राहावं लागतं. नव्या शैक्षणिक धोरणात खेळाला श्रेयांक मिळू लागलेत ही चांगली गोष्ट आहे, पण श्रेयांकानं मैदानावर रोलर फिरत नाही.

विद्यापीठाच्या संघाचं बळही बदललं. १९९४ पूर्वी सगळा मराठवाडा एका विद्यापीठाखाली होता. त्या वर्षी त्याचा नामविस्तार झाला आणि नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ आलं. नांदेड, परभणी, लातूरकडच्या विद्यार्थ्यांना ते हवंच होतं, त्यावर वाद नाही. पण औरंगाबादच्या विद्यापीठाला खेळाडू देणारा प्रदेश त्यामुळे निम्म्यावर आला, ही गोष्ट खेळाच्या बाजूनं कुणी फारशी मांडली नाही.

आणि मग क्रीडा विद्यापीठ. ते आपल्या जिल्ह्यात होणार, असं ठरलं होतं. औरंगाबाद शहराजवळ करोडीची जागाही पुढे आली होती. २०२० मध्ये ते पुण्याला, बालेवाडीला गेलं. त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळानं पुण्याच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला. बालेवाडीत तयार संकुल आहे, हा युक्तिवाद ऐकायला सोपा आहे. पण जिथं आधीच आहे तिथंच आणखी द्यायचं, हा न्याय लावला तर मराठवाड्याच्या वाट्याला कधीच काही येणार नाही. या विषयावर आमच्याकडे आजही माणसं तावातावानं बोलतात आणि त्यांचा संताप मला शंभर टक्के योग्य वाटतो.

याच्या जोडीला प्रमाणपत्राचा रोग आला. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, हेतू उत्तम. पण त्यानं खेळापेक्षा कागदाला भाव आला. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं गेल्या काही वर्षांत राज्यात उघडकीला आली, आणि त्यात ट्रॅम्पोलिनसारखा खेळ होता, जो मराठवाड्यातल्या बहुतेक मुलांनी आयुष्यात पाहिलेला नाही. खरा कबड्डीपटू गुडघे फोडून घेतो आणि त्याच्या आधी कुणी कागद घेऊन रांगेत पुढे जातो. ज्या घरानं हे एकदा पाहिलं, ते घर धाकट्या पोराला टीममध्ये घालणार नाही. सोळाशे मीटर पळायला पाठवील. पहाटेच्या त्या गर्दीमागे हेही एक कारण आहे. एकट्यानं पळण्यात निदान घड्याळ खोटं बोलत नाही.

तरीही गुणवत्ता संपली असं कुणी म्हणालं तर त्याला २०२० चं भुवनेश्वर दाखवावं. विद्यापीठांसाठीच्या पहिल्या खेलो इंडिया स्पर्धेत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ देशात दुसरं आलं. पहिलं आलं चंदीगडचं पंजाब विद्यापीठ. सुवर्णपदकं दोघांची सारखीच, सतरा-सतरा. पंजाब पुढे गेलं ते बाकीच्या पदकांवर. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठानं विद्यापीठीय खेळातला सर्वोच्च मौलाना अबुल कलाम आझाद करंडक वीसहून अधिक वेळा मिळवलाय; त्या पंजाबच्या तोडीला आपलं एक विद्यापीठ पोचलं होतं. महाराष्ट्रात त्या दिवशी किती चौकांत कुणी पेढे वाटले? खेळाडूंनी आपलं काम केलं. त्यांना आपलं म्हणणारं माणूस मधल्या काळात हरवलं होतं.

ते माणूस नाहीसं झालेलं नाही. जत्रेतल्या इनामाच्या कुस्त्या लागल्या की आजही उन्हात माणसं तासन्‌तास उकिडवी बसतात, हलगीवर हलगी वाजते आणि शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत कुणी उठत नाही. तारीख ठरलेली, जागा ठरलेली, पैलवान कुठल्या तालमीचा ते ठाऊक. कॉलेजच्या सामन्याबाबत यातलं काहीच गावाला माहीत नसतं. वेळापत्रकाचं पत्र विद्यापीठातून प्राचार्यांकडे, तिथून डायरेक्टर सरांच्या टेबलावर, आणि तिथंच त्याचा प्रवास संपतो. सामने यजमान कॉलेजात दोन दिवसांत उरकतात, बहुधा भर दुपारी, कामाच्या वारी. प्रेक्षक येत नाहीत ही ओरड करण्याआधी त्यांना बोलावलं होतं का, हे विचारायला हवं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वर्षातून निदान दोन सामने गावच्याच मैदानावर, रविवारी संध्याकाळी, शेजारच्या तालुक्याच्या कॉलेजशी ठेवावेत: वैजापूर-गंगापूर, वैजापूर-कन्नड. तारीख बसस्थानकावर आणि बाजार समितीच्या दारावर आठ दिवस आधी लागावी. खेळाडूचं नाव आणि त्याच्या गावाचं नाव ध्वनिवर्धकावरून पुकारावं, म्हणजे महालगावच्या पोरासाठी महालगावचा टेम्पो येईल. विद्यार्थ्यांकडून क्रीडा शुल्क म्हणून जमा होणारी रक्कम आणि तिचा खर्च सूचनाफलकावर लागावा. जुन्या खेळाडूंना, जे आज शिक्षक, पोलीस, शेतकरी, दुकानदार आहेत, निवड समितीत बसवावं. त्यांच्यातल्या एकाला तरी विचारलं तर तो नाही म्हणेल असं मला वाटत नाही. रिकामं पद भरेपर्यंत मानधनावर एक प्रशिक्षक नेमायला फार मोठी रक्कम लागत नाही. सराला बेटाच्या सप्ताहाला गावोगावहून भाकरी जमवणारा हा तालुका दहा पोरांच्या खुराकासाठी हात आखडणार नाही.

यातलं काहीही करायला नवा कायदा लागत नाही, बालेवाडीचं संकुल लागत नाही. पुढच्या हंगामाच्या प्रवेशिका भरायच्या आधी एक बैठक लागते: प्राचार्य, डायरेक्टर सर किंवा त्यांचं काम पाहणारे प्राध्यापक, चार जुने खेळाडू आणि गावातले जे कुणी येतील ते. बैठकीत लोक आधी भांडतील. वीस वर्षांचं साचलेलं बाहेर पडेल, आवाज चढतील, कुणी जुना निकाल उकरून काढील. ते ऐकून घ्यायला कुणीतरी समोर बसलेलं हवं.